कडूचं माप

आमच्या घरात वर्षाची सुरुवात कडूनं व्हायची. गुढीपाडव्याच्या सकाळी आजी कडुनिंबाचा कोवळा पाला, फुलोरा, गूळ, जिरं, ओवा, हिंग आणि मीठ पाट्यावर वाटायची आणि त्याची छोटी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. ती खाल्ल्याशिवाय पुरणपोळीचं ताट पुढ्यात येत नसे. “गिळायची न्हाई, चावायची,” हा तिचा हुकूम. मग पंधरवडा गेला की चैत्री पौर्णिमा. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर ‘चांगभलं’च्या गजरात सासनकाठ्या नाचायच्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण व्हायची आणि डोंगर उतरणाऱ्याच्या पटक्यात, वेणीत, पिशवीत दवण्याची करडी-हिरवी जुडी असायचीच.

दवण्याचा वास गोड, पिकल्या फळाच्या वळणाचा. त्या वासाला भुलून एखाद्या पोरानं पान तोंडात टाकलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि आजी पदराआड हसायची. “वास देवाचा, कडू आपलं,” असं म्हणायची. यात्रेनंतर देव्हाऱ्यातला दवणा वाळला की तो लुगड्यांच्या घड्यांत जायचा. कसर लागत नाही, हे तिचं कारण. दवण्याचं एक रानटी भावंड सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांनी माजतं. त्याला ढोरदवणा म्हणतात. पावसाळ्यात गोठ्यात डास-गोमाश्या वाढल्या की त्याच्या वाळल्या फांद्यांची धुरी असायची.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे कळलं, की दवण्याचं गणगोत फार मोठं आहे. ‘आर्टेमिसिया’ या कुळीत पाचशेच्या आसपास जाती आहेत. युरोपातल्या ‘अब्सिंथ’ आणि ‘व्हरमूथ’ या दारूंना कडवटपणा देणारा वर्मवूड त्यातलाच. हिवतापावरचं आजचं सर्वांत भरवशाचं औषध ज्या चिनी झुडपातून निघालं, तेही त्यातलंच. आणि आमच्या आजीच्या फडताळात वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा डब्यात असलेला किरमाणी ओवासुद्धा त्यातलाच. एका आजीच्या हाताशी असलेला पाला जगात कुठंकुठं गेला आणि तिथं त्याचं काय झालं, हे बघताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. औषध पाल्यात असतं हे खरं, पण जीव सांभाळतं ते त्याचं माप.

आजीच्या घरी ओव्याचे प्रकार होते. स्वयंपाकातला ओवा हाताशी, अजमोदा त्याच्या शेजारी, किरमाणी ओवा वरच्या फळीवर. खुरासानी ओवा मात्र घरात नाही, तो वैद्यबुवांकडेच. नावात सगळे ओवेच, पण एकमेकांशी नातं थोडं. स्वयंपाकातला ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला. खुरासानी ओवा धोतऱ्याच्या कुळातला, जरा जास्त पोटात गेला तर माणूस बरळायला लागतो. किरमाणी ओवा तर बीसुद्धा नव्हे. त्या झुडपाच्या न उमललेल्या बारीक कळ्या असतात त्या. इराण-अफगाणिस्तानकडून हा माल मुंबईच्या बाजारात यायचा आणि तिथून गावोगावच्या काष्ठौषधीच्या दुकानांत. मुंबईच्या बाजारात कुठलं औषध कुठून येतं याच्या बारीक नोंदी विल्यम डायमॉक या डॉक्टरानं सहकाऱ्यांसह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात केल्या. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रसिद्ध झाला. आजीला डायमॉक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती पुडी उघडून वास घ्यायची, चिमूटभर तळहातावर चोळायची आणि दुकानदाराला म्हणायची, “ह्यो गेल्या सालचा हाय. नवा काढा.”

हा ओवा जंतांसाठी. रात्री दात खाणारं, माती चाटणारं, पोट पुढं आणि हातपाय काड्या असं पोर दिसलं, की आळीतल्या बाया त्याला आजीकडे घेऊन यायच्या. तिची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी हलकं जेवण. सकाळी उपाशीपोटी आधी गुळाचा खडा. मग थोडं थांबायचं. मग किरमाणी ओव्याची पूड, पोराच्या वयाप्रमाणे चिमटीत धरलेली. आणि नंतर एरंडेल, ते चुकवायचं नाही. गूळ आधी का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “जंत गोडाला येत्यात. आले की मग कडू द्याचं.”

ही रीत तिची एकटीची नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवरच्या उपचाराच्या आदल्या संध्याकाळी रोग्याला दूध, गूळ, दही, तीळ असे पदार्थ भरपूर खायला घालून कृमींना कोठ्यात आणावं आणि मग शोधन द्यावं, असं सांगितलेलं आहे. गुळामागची कल्पना आजच्या विज्ञानाला पटेलच असं नाही. एरंडेलाचं कारण मात्र औषधशास्त्रानं पुरेपूर पटवून दिलं. या कळ्यांतलं सॅन्टोनिन नावाचं द्रव्य जंतांना मारत नाही, बधिर करतं. बधिर झालेले जंत आतड्याला धरून राहू शकत नाहीत. तेवढ्या वेळात त्यांना बाहेर काढलं नाही तर ते शुद्धीवर येऊन पुन्हा बस्तान बसवतात. एरंडेल चुकवायचं नाही, या हुकमात हे सगळं आलं.

सॅन्टोनिन वेगळं काढलं गेलं ते १८३० साली, जर्मनीत. चिमटीतली पूड जाऊन पांढरे स्फटिक आले. युरोप-अमेरिकेत त्याच्या साखरेच्या वड्या विकायला आल्या. पोरांना कडू खायला घालण्याची कटकट संपली, पण वडी गोड असल्यावर पोरं एक खाऊन थांबतील कशी? विषबाधेच्या, आचक्यांच्या हकिकती तेव्हाच्या वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. आपल्याकडे ही पूड सरकारी दवाखान्यांतून पोचली. माझे आजोबा १९२०च्या दशकात शाळेत होते. दवाखान्यातली पूड घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर भिंती, फळा, मास्तरांचं धोतर, सगळी शाळाच हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती, असं ते सांगायचे. ऐकणाऱ्यांना ती थाप वाटायची. पण सॅन्टोनिनच्या बाबतीत हे पुस्तकात नोंदवलेलं लक्षण आहे. मात्रा वाढली की आधी वस्तूंना जांभळी झाक येते आणि मग जग पिवळं होतं. आजोबांचं ऐकून आजी एवढंच म्हणायची, “तराजूत मोजलं, पर पोर न्हाई बघितलं.”

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची शास्त्रीय छाननी केली, तिचा ग्रंथ १९३३ साली निघाला. त्यांच्या यादीत हे झुडूपही होतं. काश्मीर आणि कुर्रमच्या खोऱ्यातल्या झुडपांत सॅन्टोनिन मिळतं, तेव्हा ते बाहेरून का आणायचं, हा त्यामागचा विचार. पुढे १९५०च्या दशकात पिपराझिन आलं आणि सॅन्टोनिन मागे पडलं. आता दरवर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी आणि त्याहून मोठ्याला पूर्ण. ती चावून खायला सांगतात, आणि पोर आजारी असेल तर त्या दिवशी देत नाहीत. औषध बदललं, पण वय बघून द्यायची आणि कुणाला द्यायची नाही हे आधी ठरवायची रीत टिकली.

आता दुसरी गोष्ट. ती कोकणातली, आजोळची. आईच्या वडिलांचे धाकटे भाऊ विलायतेच्या बोटींवर होते. खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला बोटीवर ‘भंडारी’ म्हणत, ते काम त्यांचं. आम्ही त्यांना बोटवाले आजोबा म्हणायचो. बॅलार्ड पिअरवरून निघालं की एडन, सुएझ, मार्सेय आणि मग विलायत, हा त्यांचा रस्ता. मार्सेयच्या धक्क्यामागच्या गुत्त्याची हकिकत ते मे महिन्यात पडवीत बसून सांगायचे. तिथं एक पिवळसर दारू मिळायची. पेल्यात पाणी ओतलं की ती क्षणात दुधाळ व्हायची. “जादू न्हवं रे ती, बडीशेप!” असं म्हणून ते आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे. त्यांचं बरोबर होतं. बडीशेपेच्या जातीतल्या मसाल्यांतलं तेल दारूत विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढलं की ते बारीक थेंबांनी बाहेर पडतं आणि पेला पांढरा होतो.

त्या गुत्त्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, की ही खरी चीज नव्हे. खरी हिरवी होती, तिच्यात एक कडू पाला असायचा, आणि ती पिऊन माणसं वेडी व्हायला लागली म्हणून सरकारनं ती बंद केली. आजोबांना तो पाला कसा असेल याची मोठी उत्सुकता होती. त्यांनी म्हाताऱ्याला खाणाखुणा विचारल्या आणि आपल्या मनाशी ठरवून टाकलं, “आपल्या दवण्यासारखाच असनार.” कुळीपुरतं तरी त्यांचं अनुमान अचूक निघालं.

ती हिरवी दारू म्हणजे अब्सिंथ. तिचं मूळ गाव स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातलं कुव्हे. तिथं अठराव्या शतकाच्या अखेरीला वर्मवूडचा अर्क पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून दिला जायचा. तो पहिल्यांदा पियेर ऑर्दिनेर नावाच्या डॉक्टरानं केला की आंरिओ घराण्यातल्या जडीबुटी जाणणाऱ्या बाईनं, यावर तिथली माणसं अजून भांडतात. भांडण मिटणार नाही, कारण असलं ज्ञान बहुधा बाईच्या हातात असतं आणि कागदावर पुरुषाचं नाव येतं. १७९७च्या सुमाराला मेजर दुबिए यांनी कृती विकत घेतली, आणि त्यांचे जावई आंरी-लुई पेर्नो यांनी १८०५ साली सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या पोंतार्लिए गावात भट्टी घातली. फ्रेंच फौजा १८३० साली अल्जीरियात उतरल्या, आणि पुढे ताप आणि खराब पाणी यांवर उतारा म्हणून शिपायांना ती मिळू लागली. शिपाई घरी परतले आणि चव बरोबर घेऊन आले. मग फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले, वाइन महागली आणि मजुरालाही परवडेल अशी हिरवी दारू गल्लोगल्ली पोचली. संध्याकाळी पाचच्या वेळेला पॅरिसमध्ये ‘हिरवी घटका’ म्हणू लागले. १९१० साली फ्रान्सनं सुमारे ३ कोटी ६० लाख लिटर अब्सिंथ रिचवली, असं सांगतात.

ऑगस्ट १९०१मध्ये पेर्नोच्या कारखान्यावर वीज पडली. साठा पेट घेऊन स्फोट होऊ नये म्हणून एका कामगारानं टाक्या उघडल्या आणि सगळी दारू दू नदीत सोडली. दोन दिवसांनी कित्येक किलोमीटरवरच्या लू नदीच्या उगमाशी लोकांना बडीशेपेचा वास आला. लू ही जमिनीखालून येणारं दू नदीचंच पाणी आहे, हे भूगोलाला अशा रीतीनं कळलं. पोटदुखीला घोटभर घ्यायच्या औषधाची शंभर वर्षांत नदी झाली होती.

नदी झाल्यावर माप कोण ठेवणार? पॅरिसच्या मनोरुग्णालयातले डॉक्टर व्हालांतँ मान्याँ यांनी वर्मवूडचं शुद्ध तेल प्राण्यांना देऊन आचके येतात हे दाखवलं आणि त्यावरून दारूतला पाला गुन्हेगार ठरवला. मोठ्या मात्रेत हे तेल घातक असतं हे खरंच आहे. पण पेल्यात ते किती उतरतं हा प्रश्न मागे पडला. १९०५च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या कोम्यूनी गावात झाँ लान्फ्रे या शेतमजुरानं गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. दिवसभरात त्यानं लिटरनं वाइन आणि वर ब्रँडी प्यायली होती. अब्सिंथ दोन पेले. वर्तमानपत्रांना ते दोन पेलेच दिसले. १९०८च्या जनमतानं स्वित्झर्लंडमध्ये बंदी आली आणि ७ ऑक्टोबर १९१०पासून ती लागू झाली. फ्रान्सनं मार्च १९१५मध्ये तोच मार्ग धरला. पाला वजा केलेल्या बडीशेपेच्या दारूनं तिची जागा घेतली. बोटवाल्या आजोबांनी पाहिली ती हीच. व्हाल-द-त्राव्हेरमधले लोक मात्र बंदीच्या काळातही तळघरांत चोरून गाळत राहिले. १ मार्च २००५ला स्वित्झर्लंडनं बंदी उठवली. बंदीपूर्वीच्या न उघडलेल्या बाटल्या रसायनतज्ज्ञांनी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. वर्मवूडमधलं संशयित द्रव्य, थुजोन, माणसाला वेड लावण्याइतकं त्यांत नव्हतं. दारू मात्र भरपूर होती, शेकडा ७०च्या आसपास. पाला बदनाम झाला आणि दारू निर्दोष सुटली.

तिसरी गोष्टही आजोळचीच, तापाची. पावसाळा सरता सरता कोकणात हिवताप घरोघर यायचा. आईची आजी म्हणायची, एक दिवसाआड येणारा ताप घड्याळापेक्षा वक्तशीर. पोस्टात क्विनीनच्या पुड्या मिळायच्या. त्या आणायला पोरांना पिटाळलं जायचं, पण पुडी मिळेपर्यंत घरात काडेचिराईत असे. ते ती उकळायची नाही. रात्री मातीच्या भांड्यात पाण्यात भिजत घालायची आणि पहाटे गाळून प्यायला द्यायची. सुनेनं कधी घाईनं चुलीवर ठेवलं तर भांडं खाली उतरवायची. “उकळायचं ते येगळं, भिजवायचं ते येगळं,” यापलीकडे ती काही समजावून सांगायची नाही.

समजावून सांगायचं काम शार्ङ्गधरानं करून ठेवलं आहे. त्याच्या संहितेत औषध काढायच्या पाच रीती स्वतंत्र दिल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथाला औषधाच्या १६ पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. हिमाला सहापट थंड पाणी, रात्रभर मुरवणं, आणि चूल अजिबात नाही. कुठल्या औषधाला कुठली रीत, हे ठरवणं वैद्याचं काम.

हा फरक किती मोलाचा आहे, ते चीनमध्ये दिसलं. व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांना हिवताप पुरता मोडत होता आणि जुनी औषधं निकामी होत चालली होती. २३ मे १९६७ रोजी चीननं गुप्तपणे औषधाचा शोध सुरू केला. बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतल्या तू यूयू १९६९मध्ये त्यात आल्या. त्यांनी जुन्या पोथ्या धुंडाळल्या, म्हाताऱ्या वैद्यांना भेटल्या, दोन हजारांवर पाठ गोळा केले आणि त्यांतले ६४० निवडून वही केली. त्यात छिंगहाव हे दवण्याच्या कुळीतलं झुडूप होतं. त्याचा अर्क एकदा गुण दाखवी, पुढच्या वेळी दाखवीना. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याची पोथी त्यांनी पुन्हा वाचली. त्यात मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला होता. उकळायला सांगितलं नव्हतं. उष्णतेनं गुण जात असेल, हे तू यूयूंच्या ध्यानात आलं. ३५ अंशांच्या आत उकळणारं इथर वापरून त्यांनी अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांच्या १९१व्या नमुन्यानं प्रयोगातल्या प्राण्यांमधले हिवतापाचे सगळे परोपजीवी नष्ट केले. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला, मगच रोग्यांना दिला. त्यातून आलेलं आर्टेमिसिनिन लाखो जीव वाचवून गेलं आणि २०१५ साली तू यूयूंना नोबेल मिळालं. छिंगहावचं नाव चीनमधल्या कितीतरी वैद्यांना पाठ होतं. गे हाँगनं नावाबरोबर रीतही लिहून ठेवली, म्हणून सोळाशे वर्षांनी ती कामी आली.

या यशातही मापाचा धडा आहेच. जागतिक आरोग्य संघटना आर्टेमिसिनिनची गोळी एकटी वापरू देत नाही, दुसऱ्या औषधाच्या जोडीनंच द्यायला सांगते. झुडपाचा चहा करून पिण्यालाही तिचा पाठिंबा नाही. प्रत्येक झुडपात द्रव्य कमी-जास्त असतं. अपुरी मात्रा गेली तर ताप दबतो, पण परोपजीवी उरतो आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही. आमची आजी हेच वेगळ्या शब्दांत सांगायची. गरोदर बाईला किरमाणी ओवा नाही, तान्ह्याला नाही, एकदा दिला की लगेच दुसऱ्यांदा नाही, आणि ताप असताना तर मुळीच नाही. तिच्या ज्ञानातला अर्धा भाग ‘नाही’चा होता.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या ‘आजीच्या बटव्या’तून नेमका हाच अर्धा भाग गळालेला असतो. वनस्पतीचं नाव असतं, फायद्यांची यादी असते. कुठला भाग, किती जुना, भिजवायचा की उकळायचा, कुणाला वर्ज्य, कधी थांबायचं, हे काही नसतं. सॅन्टोनिनच्या गोड वड्या करणाऱ्यांनी आणि हिरव्या दारूच्या भट्ट्या घालणाऱ्यांनी हेच केलं होतं, फक्त त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. घरात जुनं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि औषधाच्या नावावर समाधान मानू नका. माप विचारा, रीत विचारा, आणि कुणाला द्यायचं नाही हे आधी विचारा. जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, कारण वनस्पती पुस्तकांत सापडतील, हे दुसरं कुठं सापडणार नाही. मात्र पोराला जंत झाले किंवा थंडी वाजून ताप आला, तर ती वही मिटा, तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांच्या मापानं औषध द्या.